दूधवाला बदला

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी सस्तन प्राण्यांचा धडा आला की फळ्यावर आकृती काढतो, भागांना नावं देतो, आणि मागच्या बाकावरून कुणी खुसखुसलं तर त्याला उभं करून विचारतो, यात लाजण्यासारखं काय आहे? अकरा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि बायको बेलापूरच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली. मुलीला सोडायचं खांदा कॉलनीतल्या एका पाळणाघरात. माझं कॉलेज जवळ, म्हणून सोडायचं काम माझ्याकडे. बायको पहाटे उठून पंपाने दूध काढायची, दोन छोट्या बाटल्या भरायची, बर्फाच्या पिशवीत ठेवायची. सोबत एक ओढणी, आदल्या दिवशी तिने अंगावर घेतलेली. आणि एक कागद. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की हे आईच्या अंगावरचं दूध आहे, बाटली गरम पाण्यात धरून कोमट करावी, उकळू नये, त्यात काही घालू नये. मुलगी रडली तर लगेच बाटली तोंडाला लावू नये. आधी ओढणी जवळ द्यावी, छातीशी आडवी धरून पाठीवरून हात फिरवावा. ओढणी धुऊ नये, आईचा वास जातो.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तेव्हा आणखी दोन मुलांच्या आया तिथे चपला काढत होत्या. मी खिशात हात घातला, कागद चाचपला आणि तसाच राहू दिला. बाळं सांभाळणारी मावशी जवळच्या गावातली, जाडजूड, हसरी. पिशवी घेत तिने विचारलं, "दूध गाईचं ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. दोन अनोळखी बायकांसमोर 'अंगावरचं' हा शब्द उच्चारावा लागू नये म्हणून मी माझ्या बायकोच्या जागी एक गाय उभी केली.

मावशीचं काही चुकलं नाही. घरात दूध आलं की आपण काय करतो? तापवतो. लहान मुलाचं असेल तर जड होऊ नये म्हणून थोडं पाणी घालतो, गोडीला साखर घालतो. तिने तिची सहा नातवंडं अशीच वाढवली होती. ओढणी मात्र तिला कळेना, पण वापरलेली दिसली म्हणून ती रोज साबणाने धुऊन, घडी घालून परत पाठवायची. बायको म्हणायची, किती स्वच्छ आहे रे ही बाई.

मुलगी बारापासून चारपर्यंत रडायची. मावशी तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायची, रिक्षा दाखवायची, मोबाईलवर गाणी लावायची. संध्याकाळी मला सांगायची की पोर दूध थुंकते. "सर, दूधवाला बदला. लई पातळ देतो तुमाला."

मी म्हणायचो, "बघतो."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण पहिल्या दिवशी 'हो' म्हटलं होतं, आणि प्रत्येक दिवसाबरोबर ते 'हो' जुनं होत गेलं. एकदा कॉलेज लवकर सुटलं म्हणून दुपारीच गेलो. ओट्यावर छोट्या पातेल्यात दूध उकळत होतं, मावशी त्यात चमच्याने साखर घालत होती. मी ते पाहिलं. मुलीला उचललं आणि घरी आलो. हेच मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशीची लाज समजून घेणारं कुणी भेटेलही. या दुपारचं काय करायचं?

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी वजन केलं. वाढलं नव्हतं. परतताना रिक्षात बायको बाहेर बघत म्हणाली, "माझंच कमी पडतंय." मी तिचा हात हातात घेतला. समंजस नवरा दिसत असणार मी त्या वेळी. वाटेत तिने औषधाच्या दुकानातून दुधाच्या पावडरचा डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कागद मावशीसमोर धरला. ती म्हणाली, "मला वाचता येत नाय, सर. तुमीच वाचा." पाळणाघराच्या मालकीणबाई होत्या, एक आजी होत्या, नातवाला सोडायला आलेल्या. मी वाचला. वर्गात वाचतो तसा, खणखणीत, शब्दन् शब्द. कुणी खुसखुसलं नाही. कुणाला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

मावशी खाली बसली. "आईचं दूध तापवलं मी," ती म्हणाली. "पानी घातलं. आनि तुमाला दूधवाला बदला म्हनत होते." मग जरा वेळाने, "ताईंना सांगू का?"

मी म्हणालो, मी सांगतो.

पाळणाघरात त्या दिवसापासून सगळं कागदाप्रमाणे झालं. ओढणी मिळाली की मुलगी शांत व्हायची. पण घरी पावडरचा डबा आला होता आणि बायकोचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. पंप मागे पडला, महिन्याभरात दूधही आटलं. पुढे प्रत्येक बारशाला, कुणी विषय काढला की ती हसत सांगायची, मला पुरेसं आलंच नाही बाई. मी तेव्हा पेढ्यांचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचो.

गेल्या महिन्यात तिच्या बहिणीची मुलगी कामोठ्याहून आली, चार महिन्यांचं बाळ घेऊन. तिचीही रजा संपत आलेली. बायकोने तेच वाक्य सुरू केलं आणि मी ते मध्येच तोडलं. सगळं सांगितलं. गाईपासून पातेल्यापर्यंत.

भाची बाळाच्या टोपड्याची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिली. बायकोने विचारलं, "साखर किती घालायची ती?"

"मी पाहिलं तेव्हा दीड चमचा."

"म्हणजे वजन करायला गेलो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

हे माझं दुसरं 'हो'. हे तरी खरं होतं.

 ती भाचीकडे वळून म्हणाली, पाळणाघरात तू स्वतः जा, समोर उभी राहून सांग, आणि कागद द्यायचाच तर नवऱ्याच्या हातात देऊ नकोस. मग मला विचारलं, ती मावशी अजून तिथेच असते का. असते, मी म्हणालो, जाता-येता दिसते. बायको उठली, साडी बदलली. अकरा वर्षं ती बाई काय मनात घेऊन बसली असेल, असं काहीतरी पुटपुटली. मीही चपला शोधू लागलो.

"तू नको," ती म्हणाली. "गॅसवर दूध ठेवलंय. त्याच्याकडे लक्ष दे."