प्रभाकरचं न ठरलेलं इंजिन

प्रभाकर गेला त्या सकाळी मी त्याच्यावर फोन आपटला होता. माझा चहासुद्धा व्हायचा होता, आणि हा तलासरीहून मला कोसबाडला फोन करून सांगतोय, "ताई, वापीच्या कांतीभाईकडे जपानी इंजिन आलंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट. क्लच दाबायची भानगडच नाही. काय म्हणतेस, घेऊ?" मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, मला गिअरबॉक्समधलं काय डोंबल कळतंय? पण माझा हा धाकटा भाऊ इतकी वर्षं मला हेच विचारत होता. देशी घेऊ की फॉरेनचं? मी म्हटलं, "मेल्या, घे नाहीतर घेऊ नकोस, पण एकदाचं ठरव आणि त्या नलूला कच्छला घेऊन जा." आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला तेव्हा वाटलं, आता ह्याला जर्मन सापडलं असणार. पण फोनवर दिलीप होता, त्याच्या शेडमधला फिटर. "ताई... शेठ चहा घेऊन बसले होते... बसल्या जागीच..." लोक मला विचारतात, शेवटचं असं बोलल्याचं वाईट वाटतं का? नाही वाटत. आजही तेच बोलेन.

भेटायला आलेल्यांनी तर कहरच केला. घोलवडच्या घरी ओटीवर बसून जो तो सांगत होता, प्रभाकरभाई म्हणजे केवढा पारखी माणूस, नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखायचा, हायवेवर असा माणूस पुन्हा होणे नाही. मी आतून ऐकत होते आणि माझा संताप होत होता. कांतीभाई बाराव्याला आला. जेवला, हात धुतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तो पीस मी प्रभाकरभाईसाठी साइडला ठेवला छे. वहिनीला बोला, काय घाई नथी." घाई नाही म्हणे! माणूस जळून गेला तरी ह्यांना घाई नाही. मी त्याला म्हटलं, "कांतीभाई, त्या पीसवर आता तुम्हीच बसा आणि जा कुठे जायचंय तिथे." तो हसला. त्याला वाटलं मी दुःखानं बोलतेय.

प्रभाकरची शेड तलासरीच्या पुढे, हायवेला लागून. ट्रकच्या बॉड्या बांधायचा, ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा. मग अलीकडे मुंबईच्या लोकांना चाकांवरची घरं हवीशी झाली आणि ह्याला मोटरहोमची कामं यायला लागली. ती गिऱ्हाइकं मी पाहिलीत. घरात कधी पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नसेल, पण गाडीत मात्र ह्यांना ओटा हवा, बेसिन हवं, कमोड तर हवाच हवा, आणि वर पहिला प्रश्न काय, तर इंजिन इम्पोर्टेड बसवाल का? प्रभाकर त्यांना अर्ध्या चहात गप्प करायचा. "साहेब, तुम्ही जाणार लोणावळ्याला. आपलं देशी घ्या. कुठेही बंद पडलं तरी ढाब्याशेजारचा मिस्त्री उघडून बसवेल. फॉरेनचं बंद पडत नाही, कबूल, पण पडलंच तर एका सेन्सरसाठी रस्त्यात बसाल आणि पार्टची वाट बघाल." एखादा म्हातारा जोडीनं यायचा, गुडघे दुखतात म्हणायचा, तर त्याला सरळ सांगायचा, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या, चार पैसे जातील पण क्लच दाबून पाय सुजणार नाही. त्याची मतं चोख होती, तेवढं मान्य करते. लोकांच्या गाड्या ह्याच्या शेडमधून निघाल्या आणि कुठे लेह, कुठे कन्याकुमारी करून आल्या. फोटो पाठवायचे लोक. आणि हा ते फोटो नलूला दाखवायचा! लाज कशी वाटली नाही, मला कळत नाही.

कारण नलूची स्वतःची गाडी शेडच्या मागे पत्र्याखाली उभी होती. नलू म्हणजे त्याची बायको. जन्म घोलवडच्या वाडीतला, दिली तीही घोलवडच्याच वाडीत. उठली की चिकू, झोपली की चिकू. लग्नानंतर कधीतरी तिनं एकदाच मागितलं, मला कच्छचं रण बघायचंय. मी विचारलं, तिथे आहे काय बघायला? तर म्हणाली, "काही नाही म्हणूनच, ताई. जिथवर बघू तिथवर एक झाड नाही, अशा जागी एक रात्र झोपायचंय." इतकंच. ना दागिना मागितला, ना बंगला. मी प्रभाकरला म्हटलं, दोन तिकिटं काढ आणि ने तिला. तर हा कसला ऐकतोय! "मी गाड्या बांधणारा माणूस, आणि बायकोला रेल्वेनं नेऊ? लोक तोंडात शेण घालतील." मग त्यानं कुठूनशी एका जुन्या बसची चासी आणली, नुसता बिनइंजिनाचा सांगाडा, आणि तिच्यावर घर बांधायला घेतलं. नलूनं तेव्हा नवीन चादरीसुद्धा शिवल्या होत्या.

पुढची गंमत ऐका. आधी ठरलं देशी इंजिन. अगदी पक्कं, दिलीपला सांगून झालं. दुसऱ्या आठवड्यात ह्यानं गाडीत सागवानी कपाट बसवलं. बसवलं आणि म्हणाला, आता वजन वाढलं, देशी इंजिन घाटात दम टाकेल, जपानीच पाहिजे. बरं, जपानी. ते बघायला दोनदा वापीला जाऊन आला. येताना विचार करत आला की भुजला बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, त्यापेक्षा देशीच बरं. देशी म्हटलं की लगेच कडाप्प्याचा ओटा. अख्खा दगडी ओटा हो, गाडीत! मग पाण्याची टाकी मोठी केली, मग लोखंडी पलंग, मग पाटा-वरवंटा, कारण मिक्सरची चटणी ह्याला चालत नाही. सगळ्यावर कडी म्हणजे मागच्या बाजूला चिकूच्या क्रेट ठेवायला लोखंडी मांडणी ठोकली. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, "घोलवडची माणसं रिकाम्या हातानं कुठे जातात का, ताई?" अरे, रणात तुझं कोण सासर बसलंय चिकू खायला? पण नाही. आमच्याकडे हे असंच. डहाणू स्टेशनावर जायचं असलं तरी हातात चिकूची पिशवी लागते. त्या मांडणीनं पुन्हा वजन वाढलं आणि पुन्हा जपानीचा विषय निघाला. मी भूगोलाची बाई, शेवटी न राहवून म्हटलं, "कच्छला जायला कुठला घाट लागतो रे तुला? तलासरीतून निघालास की सरळसोट रस्ता आहे, मेल्या! ढकलत नेलीस तरी पोचेल." त्यावर तो म्हणाला, "तुला इंजिनातलं कळत नाही." तेवढ्यावर त्या दिवशीचं बोलणं संपलं.

तो गेला आणि मला वाटलं, संपलं, भंगारवाला येऊन ते धूड घेऊन जाईल. पण महिना उलटल्यावर नलूचा फोन आला. "ताई, शेडवर येता का? काम आहे." गेले. बघते तर बाई पदर खोचून गाडीत उभी, दिलीपच्या हातात पहार, आणि सागवानी कपाट आधीच बाहेर उन्हात. "ओटा आज निघायला पाहिजे," ती दिलीपला सांगत होती. दिलीप मला हळूच म्हणाला, "ताई, वहिनींना समजवा ना. शेठनी हातानं बसवलंय सगळं." मी कशाला समजावू? मी चप्पल काढून आत चढले आणि चादरी गोळा करायला लागले. ओटा निघता निघेना. शेवटी दगड तडकला तेव्हा दिलीपच्या डोळ्यांत पाणी होतं. नलूच्या नव्हतं. चिकूची मांडणी निघाली, टाकी निघाली, पलंग निघाला. गाडी दर खेपेला थोडी थोडी वर उचलली जात होती, खालचे स्प्रिंगचे पाटे मोकळे होत होते. आणि तिथे मला कळलं. इतक्या उशिरा कळलं ह्याचा राग आला. इंजिन ठरायच्या आड वजन येत नव्हतं. इंजिन ठरलं की हा वजन आणत होता.

"नलू," मी म्हटलं, "ह्याला जायचंच नव्हतं गं."

"माहीत आहे मला."

"भित्रा होता मेला! आणि तू गप्प बसलीस?"

तिनं वरवंटा खाली ठेवला. "ताई, तुम्ही ह्या शेडमध्ये गाड्या यायच्या त्या पाहिल्यात का? बॉडी बांधायला येतात त्या नव्हे... ठोकलेल्या. पुढची केबिन चेपून आत गेलेली. दिलीप, सांग." दिलीप हातातली पहार भिंतीला टेकवायला गेला. तीच पुढे बोलली. "पोलीस सोडायचे मग इथे यायच्या. केबिन आतून धुवायचं काम हे कुणाला द्यायचे नाहीत. स्वतः धुवायचे. कुणाची चप्पल निघायची, कुणाची बांगडी. त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नाहीत, नुसते पडून राहायचे. मग मी काय म्हणणार त्यांना, चला फिरायला?"

मला हे माहीत नव्हतं. सख्खी बहीण मी, मला माहीत नव्हतं. पण म्हणून मी माझा शब्द मागे घेणार नाही. भीती वाटते तर सांगावं बायकोला तोंड उघडून. जपानी, जर्मन, देशी करत तिची वर्षं खाल्लीस, ती कोण भरून देणार? लोकांना लेहला पाठवायला धीर होता, घरच्या माणसाला नाही. हे सगळं मी त्या पत्र्याखाली मोठ्यानं बोलले, तो समोर असल्यासारखं. आणि बोलता बोलता रडले. महिनाभरात पहिल्यांदा... सगळ्यांदेखत, नाक गळेपर्यंत रडले. माझा भाऊ गेला होता आणि त्याच्याशी भांडायचं माझं अजून बाकी होतं.

दिलीपनं पाणी आणून दिलं. मग हलक्या आवाजात नलूला विचारलं, "वहिनी, आता इंजिन कुठलं? कांतीभाईला सांगू का? की आपलंच?" नलू म्हणाली, "शेडमध्ये त्या जुन्या ट्रकचं पडलंय ना, ते चालतं का?" "चालतंय की. चांगलं चालतंय. आता काय वजनच नाही." "मग ते बसव." बास. एवढ्यात ठरलं. आरटीओचे सोपस्कार आहेत, ते दिलीप करतोय. गाडी तोच चालवणार आहे.

मग नलू पुढे गेली, ड्रायव्हरच्या जागेपाशी. मीही मागून गेले. इतक्या वर्षांत मी त्या गाडीचा पुढचा भाग नीट पाहिलाच नव्हता. तिथे एकच सीट होती, ड्रायव्हरची. शेजारी, जिथे माणूस बसतो तिथे, प्रभाकरनं जाड पत्र्याची पेटी वेल्डिंग करून टाकली होती, चारी बाजूंनी बंद. झाकण नाही, कडी नाही. हत्यारं ठेवायची म्हणावी तर उघडायची कशी? नलूची खुर्ची त्यानं पार मागे लावली होती, शेवटच्या खिडकीशी. नलूनं पेटीवरून हात फिरवला. वेल्डिंग सुरेख होतं, एक थेंब कुठे सांडला नव्हता.

"दिलीप, ही कापून काढ. इथे सीट लाव."

दिलीप जागचा हलेना. "वहिनी, शेठ म्हणाले होते, इथे कुणालाच बसवायचं नाही."

"मला समोरून बघायचंय," नलू म्हणाली. "येतंय ते सगळं."

मी दिलीपला म्हटलं, "एक नको, दोन लाव. मीही येणार आहे."

नलूनं वळून माझ्याकडे पाहिलं. "ताई, पुढे बसायला भीती नाही वाटायची तुम्हाला?"

"वाटेल ना," मी म्हटलं. "पण निघाल्यावर वाटेल."