व्हत्या म्हणजे व्हत्याच

तुमच्या आईची बोली कुणी तुमच्यादेखत ‘शुद्ध’ करून दिली, तर तुम्ही त्याला थँक्यू म्हणाल?

घाटघरची अंजना म्हणाली नाही. जुन्नरात तिचं टायपिंगचं दुकान. आई गोजरबाई हळदीची गाणी म्हणायची, तेव्हा अंजनाने ती जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये ऐकली तशी उतरवली. कागदावर मात्र कधी काढलीच नाहीत. आई गेली. पुढं जुना कॉम्प्युटर जळाला, हार्ड डिस्क तेवढी वाचली. आता रविवारी भाची श्रेयाची हळद. बाकीच्या बायकांना गाणी अर्धीमुर्धीच येत होती.

नव्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चालेना. फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. अंजना कॉम्प्युटरवाल्या सुदर्शनकडे गेली. त्याने फाईल नव्या फॉन्टात बदलून ऐटीत पडदा फिरवला.

“घ्या ताई. चुकापण दुरुस्त केल्यात कॉम्प्युटरनं.”

अंजना तिथंच गाऊ लागली, “हळद वाटायला होत्या पाचजणी, पाटा नाही सोडला कोणी...” आणि अडखळली. चाल बसेना.

“हे कुणाचं गाणं, भाऊ?”

“तुमच्या आईचं की!”

“आमची आई ‘व्हत्या’ म्हणायची, ‘न्हाई’ म्हणायची. मेल्यावर तिला शाळेत घालताय व्हय?”

“अवो, जुनं सॉफ्टवेअर आता चालत नाय. मेलं ते.”

“बगते मी, कसं चालत न्हाई!”

व्हिडिओ बघबघून तिने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी विंडोज बसवली, म्हणजे कॉम्प्युटरातच दुसरा कॉम्प्युटर. दोनदा सगळं कोसळलं. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर उघडलं, तर अक्षरांच्या जागी चौकोन! फॉन्ट टाकायचाच राहिला होता. स्वतःला दोन शिव्या हासडून तिने तो जुन्या डिस्कवरून आणला.

हळद वाटाया व्हत्या पाचजणी, पाटा न्हाई सोडला कुनी.

प्रिंटर जुन्या विंडोजला ओळखेना. मग पडद्याचे फोटो काढून तेच छापले. रविवारी घाटघरात ते कागद हातोहात फिरले आणि श्रेयाला हळद लागली ती गोजरबाईच्याच शब्दांत.

तुमच्या घरीही अशी एखादी न उघडणारी फाईल असेल. ती फेकू नका, अन् सुधारूनही घेऊ नका. जुन्या सॉफ्टवेअरची सीडी, फॉन्ट आधी शोधा. आहे तशी उघडून द्या म्हणून हटून बसा. आजच बसा, राव.