उसना कचरा

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाकडून काही उसनं घेतलं नाही. घेतला तो फक्त कचरा, आणि तोही वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

आई गेल्यावर आबा इंदापूरच्या घरात एकटेच राहायला लागले. मी बारामतीत शाळेत शिकवते. "आबा, चला की माझ्याकडं," असं मी दर रविवारी म्हणायचे आणि ते दर रविवारी "बघू" म्हणायचे. शेवटी तडजोड झाली. एकदा जरी काही दुखलंखुपलं, तर मुकाट्यानं बारामती. आबांनी लगेच कबूल केलं, कारण आपल्याला काही होत नसतं अशी त्यांची खात्री होती.

त्याच सुमारास नगरपालिकेनं एक नवीन योजना काढली. घंटागाडी तशीही रोज सकाळी दारोदार फिरते, तर तिनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची हजेरीही घ्यायची. माणूस बादली घेऊन दारात आला, की वहीत खूण. नाही आला तर दार वाजवायचं, उत्तर नसेल तर घरच्यांना फोन करायचा. ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडावंसं मला वाटलं. आबांना नाही वाटलं. "कचऱ्याबरूबर म्हातारी मोजत्यात व्हय?" ते फोनवर कडाडले.

पण खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरात कचराच नसायचा. भाजीची सालं शेळीला, शिळी भाकरी शेजारच्या कोंबड्यांना, पालापाचोळा परसातल्या खड्ड्यात. उरलंसुरलं "लागंल कवातरी" म्हणून माळ्यावर. द्यायला काही नाही म्हणून आबा पहिल्या दिवशी दारात आलेच नाहीत. दार वाजलं तेव्हा परसातूनच "न्हाय काय!" म्हणून ओरडले. शेळीच्या ओरडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि मला भर वर्गात फोन आला, तुमचे वडील दार उघडत नाहीत. मुलांना शुद्धलेखन देऊन मी एसटी पकडली. भवानीनगरपर्यंत बस उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत होती आणि मी देवाचा धावा करत होते. घरी पोचले तर आबा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले.

"आज शाळा न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी त्या रात्री तिथंच राहिले. सकाळी गाडीवरची ताई आली, ठणठणीत आवाजाची, हसरी बाई. "आबा, रिकामी बादली बी चालंल," ती म्हणाली. "तुमी फकस्त दारात या."

आबांना ते पटेना. त्याला कारण आईची शिस्त. शेजारून वाटीत काही आलं, तर आमच्याकडून वाटी कधी रिकामी परत गेली नाही. दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी जायचीच. "ती दारात येनार, अन् मी तिच्याफुडं रिकामं भांडं धरू?" आबा मला म्हणाले.

म्हणून उसनवारी सुरू झाली. शेजारच्या भाभी ब्लाउज शिवतात. रोज सकाळी आबा कुंपणावरून बादली पुढं करायचे, "भाभी, आजच्यापुरता वाईच कचरा द्या." भाभी हसत मूठभर चिंध्या टाकायच्या. मग धुतलेला सदरा घालून आबा त्या चिंध्या आहेर दिल्यासारख्या ताईच्या हाती द्यायचे. पाठोपाठ दोन मिनिटं गप्पा. तिच्या मुलीची दहावी, नळाचं पाणी, शेळीचं दूध. मी फोन केला की, "मग बोलतो, गाडी आलीया." मला हेवा वाटायचा.

गेल्या थंडीत एका सकाळी बादली दारात आली नाही. ताईनं दार वाजवलं, हाका मारल्या आणि भाभींच्या अंगणातून कुंपण ओलांडून ती आत शिरली. आबा न्हाणीत घसरून पडले होते. खुबा वाचला, मनगट मोडलं. रिक्षा करून तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं.

शब्द तो शब्द. शेळी भाभींकडं सोपवून आबा मुकाट्यानं बारामतीला आले, महिनाभर राहिले, एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं, की प्लॅस्टरचा हात सांभाळत बादली घेऊन सगळ्यांच्या आधी फाटकात. आमच्या भरल्या घरात हजेरी कुणाची घ्यायची? गाडी कचरा घेऊन पुढं जायची आणि आबा थोडा वेळ तिथंच थांबायचे. मला ते दिसायचं. मी न दिसल्यासारखं करायचे.

प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही दोघं इंदापूरला गेलो, घर कायमचं बंद करायला. मी नवं कुलूप घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं गाणं वाजलं आणि आबांची धांदल उडाली. महिनाभर बंद घरात कचरा कुठला? भाभींचं दारही अजून उघडलं नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेली बादली पाठीमागं लपवून ते दारात उभे राहिले, गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.

"आणा हिकडं," ताई म्हणाली.

"आज कायच न्हाय गं."

तिनं बादली त्यांच्या हातून काढूनच घेतली. वहीत खूण केली. मग स्वतःच्या पिशवीतून दोन पेरू काढून बादलीत ठेवले.

"रिकामी कशी दिऊ माघारी?" ती म्हणाली. "उद्या या दारात."

आबा पेरूंकडं बघत राहिले. "उद्या मी न्हाय हितं," ते हळूच म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्या पर्समध्ये कुलूप होतं आणि मला रडू फुटत होतं.

"हायत," मी म्हणाले. "उद्या बी हायत."