हिंमतरावांचा सदरा

कर्वेनगरात म्हशींचा गोठा होता असं सांगितलं तर आता कुणाला खरं वाटत नाही. सोसायट्यांच्या भिंतींमध्ये अडकलेला हिंमतरावांचा गोठा मात्र गेल्या वर्षापर्यंत होता. वास येतो म्हणून अर्ज करणारी मंडळी म्हैस व्याली की खरवसासाठी भांडं घेऊन सगळ्यांत आधी हजर. हिंमतराव त्यांनाही हात न आखडता द्यायचे. "सही करणाऱ्या हातांना जरा कमी घाला," असं त्यांची बायको गोदाबाई धुसफुसत म्हणायची. ते नुसते हसायचे.

माणूस मऊ, पण एका बाबतीत भलता हट्टी. धार दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे नाहीत. सुदर्शनच्या, म्हणजे एकुलत्या एका मुलाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि वरबाप गोठ्यात पळाला. गोदाबाईंनी ना कोकण पाहिलं ना तुळजापूर, कारण संध्याकाळच्या धारेला घरी परतायचं असायचं. त्या रुसल्या की हिंमतराव स्वतः चहा करून आणत, आणि तेवढ्यावर त्या विरघळत. संसार झाला तो असा.

शेवटी एकच म्हैस उरली, चंद्री. तिचं रेडकू मेलं तेव्हा तिने पान्हा चोरला. हिंमतरावांनी पान्ह्यासाठी सुई टोचू दिली नाही. गळ्याखाली खाजवत, चुचकारत बसून राहिले, तेव्हा कुठे ती पान्हावली. त्यानंतर ती त्यांच्याशिवाय कुणालाच जवळ येऊ देईना, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! आपल्यामागे हिचं काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. गोदाबाईंना त्याचा राग अजून आहे.

एका सकाळी वैरण टाकता टाकता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चंद्रीची कास तट्ट फुगली होती. गोदाबाईंनी हात लावला तर लाथ. मग त्यांनी गोठ्यातल्या खुंटीवरचा हिंमतरावांचा सदरा साडीवरून चढवला. मालक परगावी गेला की जुने गवळी असंच करतात. चंद्रीने बाही हुंगली, हुंगतच राहिली, आणि धार लागली. चरवीत दूध वाजलं तसा गोदाबाईंना हुंदका फुटला. सगळंच काही गेलेलं नाही, असं त्यांना वाटलं.

बाकीचे कपडे देऊन टाकले, तो सदरा मात्र त्यांनी ठेवला. म्हैस विकू, गिऱ्हाईक तयार आहे, असं सुदर्शन म्हणाला तेव्हा ती दूध देते तोवर नाही, असं त्यांनी बजावलं. त्यानेही मान्य केलं.

सून पूर्णिमा जीव लावणारी पोर. सासूबाई शेणाने माखलेल्या, घामट सदऱ्यात वावरतात हे तिला बघवेना. एका दुपारी गोदाबाईंचा डोळा लागला असताना तिने तो मशीनला लावला. चांगली वासाची पावडर घातली, इस्त्री केली, तुटकं बटणसुद्धा शिवलं आणि परत खुंटीला अडकवला.

संध्याकाळी चंद्रीने बाही हुंगली, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. गोदाबाईंनी आंबोण पुढे सारलं, हिंमतरावांसारखं चुचकारून पाहिलं. थेंब नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्यांनी कॉलर स्वतःच्या नाकाशी धरली. नुसता मोगरा. माणसाचा मागमूस नाही. त्यांनी उशी हुंगली, घोंगडी हुंगली, घरभर शोधलं. कुठेच काही उरलं नव्हतं.

कास दगड होत चालली होती. "बोलाव त्या गिऱ्हाइकाला," असं त्यांनीच सुदर्शनला सांगितलं. टेम्पोत चढताना चंद्रीने मागे वळूनही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी कोणाकडे?

"आई, माझं काही चुकलं का?" पूर्णिमाने घाबरत विचारलं.

"नाही गं," गोदाबाई म्हणाल्या. "मळलाच होता तो."

पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला. गोदाबाईंनी मात्र त्या सदऱ्याला पुन्हा हात लावला नाही. आता तो कुणालाही देऊन टाकण्यासारखा होता.