डाव्या बाजूचा फोटो

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बायकोला काय द्यावं ते मला सुचत नव्हतं. साडी ती स्वतःच्या पसंतीची घेते. सोन्याचं तिला फारसं वेड नाही. मुलीनं पुण्याहून फोनवर सुचवलं की दोघांचं चित्र काढून घ्या, हातानं रंगवलेलं. अमरावतीला एक चित्रकार मुलगी आहे, माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या लग्नाचं चित्र तिनंच काढलं होतं. आईला सांगू नका, म्हणाली. न सांगणं मला जमतं. तेवढंच मला नीट जमतं, असं म्हटलं तरी चालेल.

साहेबांसोबत दौरा आहे असं घरी सांगून मी अकोल्याहून अमरावतीची एसटी पकडली. मला वाटलं होतं, एक फोटो द्यायचा आणि पंधरा दिवसांनी चित्र आणायचं, फोटो मोठा करून आणतात तसं. त्या मुलीनं मला खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. दोघांचे पाच-सहा फोटो लागतील, दिवसाच्या उजेडातले, वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले. आधी ती पेन्सिलीनं कच्चं चित्र काढून मोबाइलवर पाठवेल. काय बदलायचं ते तेव्हाच सांगायचं. रंग चढल्यावर बदल होत नाही. मग तिनं विचारलं, कोण कुठं उभं राहणार? मी म्हटलं, मी हिच्या डाव्या हाताला, आम्ही दोघं थोडे एकमेकांकडे वळलेले. हे सांगायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

घरी आल्यावर बायको आंघोळीला गेली असताना मी फोटो निवडून पाठवले. दुसऱ्या दिवशी कचेरीत असताना त्या मुलीचा फोन आला.

"काका, काकूंचे सगळे फोटो उजव्या बाजूचेच आहेत. डाव्या बाजूचा एक तरी पाठवा ना."

पाठवतो, म्हटलं. फोन ठेवला तेव्हा कानाला घाम आला होता.

इथं मला एक शब्द लिहायचा आहे, जो मी आमच्या घरात कधी उच्चारला नाही. माझ्या बायकोच्या अंगावर कोड आहे. मुलगी झाल्यानंतर डाव्या पापणीवर शेंगदाण्याएवढा पांढरा डाग आला. तो गालावर उतरला, मग मानेवर, मग डाव्या हाताच्या बोटांवर. डॉक्टरांनी सांगितलं, हे कोणाला लागत नाही, घाबरायचं कारण नाही. मी घाबरलो नाही. मी फक्त फोटोत बाजू बदलली. तिच्या डावीकडे उभा राहू लागलो, खांदा थोडा पुढं काढून. ती माझ्याकडे वळली की कॅमेऱ्याला तिचा उजवा गाल दिसे आणि डावा माझ्याकडे राही. तिला मी कधी टोचून बोललो नाही, आणि तेवढ्यावर इतकी वर्षं स्वतःला चांगला माणूस समजत आलो.

एकदा मात्र मी याहून वाईट केलं. भातकुलीला धाकट्या भावाचं लग्न होतं. घरच्यांचा फोटो निघणार तेवढ्यात मी तिला म्हटलं, नवरीकडच्या बायांचा चहा राहिलाय, बघून ये. ती गेली. परत आली तेव्हा फोटोवाला दिवे उतरवत होता. तो फोटो आजही भावाच्या बैठकीत आहे. त्यात सगळे आहेत, शेजारचे दोघं आहेत, ती नाही.

तर त्या आठवड्यात मी मोबाइल धुंडाळला, कपाटातले अल्बम काढले. ती पातूरच्या शाळेत शिकवते. सकाळच्या गाडीनं गेली की मी उशिरा कचेरीत जायचो आणि तेवढ्या वेळात फोटो उलथेपालथे करायचो. बावीस वर्षांत डाव्या बाजूचा एकही फोटो नव्हता. मी खरंच एकही राहू दिला नव्हता.

शेवटी त्या मुलीला मी लिहिलं, डावी बाजू उजवीसारखीच काढा. लगेच उत्तर आलं: तशीच आहे ना नक्की?

मी हो लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पण पाठवलं नाही. मी वाचलं आहे हे तिकडं तिला दिसत होतं. चित्र तसं आलं असतं, सुंदर आलं असतं, आणि बायकोनं एका नजरेत ओळखलं असतं की तिच्या नवऱ्यानं पंचविसाव्या वर्षी तिला तिचंच तोंड दुरुस्त करून दिलंय. त्या विचारानं दोन दिवस जेवण गेलं नाही. तिनं विचारलं तर पित्तावर ढकललं.

रविवारी सकाळी ती अंगणात मेथी निवडत बसली होती. मी मोबाइल घेऊन तिच्या डावीकडून गेलो. तिनं मान वर केली नाही, पण बसल्या जागी जराशी फिरली आणि उजवा गाल माझ्याकडे आला. मी वळसा घालून पुन्हा डावीकडे गेलो. ती पुन्हा फिरली.

"काय करून राहिले तुमी?"

मग मी चित्राचं सांगितलं. डाव्या बाजूचा फोटो पाहिजे, म्हटलं.

"कोनाले पाह्यजे?"

"चित्रवालीले."

"अन् तुमाले?"

मी पायरीवर बसलो आणि बोलत सुटलो. बाजू बदलणं, खांदा पुढं काढणं, भातकुलीचा चहा, त्या मुलीला काय लिहिलं ते, सगळं सांगितलं. माफी मागायची होती, ती मात्र तोंडातून निघेना. ती पानं खुडत राहिली. काडीला एक पान उरलं होतं, तेही खुडलं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुमी सरकले का मले लय लागे. म्हनून मंग मीच आपली वळून उभी राहू लागली. तुमाले सरकाव लागू नये."

तिनं पदराला हात पुसले आणि डावा गाल माझ्याकडे केला.

"काढा."

पहिले तीन फोटो हलले. चौथा मी पाठवला.

चार दिवसांनी कच्चं चित्र आलं, सोबत विचारणा, की डाग जसे आहेत तसे ठेवू का थोडे फिके करू? मी मोबाइल बायकोच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं आणि चित्रातल्या माझ्या खांद्यावर बोट ठेवलं. तिचा अर्धा गाल त्या खांद्याआड होता.

"तुमी इथं काहून उभे?"

मग माइकचं बटण दाबून तिनं त्या मुलीला सांगितलं, "जसं हाये तसं काढ माय. अन् यायले इकून तिकडं कर."

मुलीचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला. चित्रवाली म्हणाली, काका, बाजू बदलली तर सगळं नव्यानं काढावं लागेल, तुमच्या तारखेला चित्र होणार नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. होऊ द्या उशीर, मी म्हटलं.

"आणि काका, आता तुमचा उजव्या बाजूचा फोटो लागेल. तुमचेही सगळे डाव्या बाजूचेच आहेत."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बायकोनं मला अंगणात निंबाखाली उभं केलं. तिकडं पाहा, म्हणाली, हलू नका. मी कुंपणाकडे पाहत राहिलो. मोबाइल तिच्या हातात होता, आणि ती काय पाहतेय ते मला दिसत नव्हतं. फोटो निघाल्याचा आवाज झाला. माझी मान अवघडली.

"इकून तुमी म्हातारे दिसता," ती म्हणाली.

"दुसरा काढतेस का?"

"नाही," म्हणाली, आणि पाठवून दिला.