कापसावर ढकललेला कोंडा

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, मी वजनकाट्यावरच्या पावत्या लिहिते. दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या लागल्या की रुईचे तंतू सगळीकडे उडतात. रजिस्टरवर, चहात, भुवयांवरसुद्धा. त्यामुळे माझ्या खांद्यावर पांढरं दिसलं तरी कुणी काही विचारायचं नाही आणि मीही मनावर घ्यायची नाही. डोकं खाजायचं, पण ते धुळीनं असेल असं समजून पेनाच्या टोपणानं कराकरा खाजवायची आणि पुढची पावती लिहायला घ्यायची.

मग हंगाम संपला. यंत्रं थांबली, हवा निवळली. पांढरं पडायचं मात्र थांबलं नाही. एका दुपारी एक म्हातारे शेतकरी जुन्या पावतीची नक्कल मागायला आले. मी कागद शोधत होते आणि ते माझ्या काळ्या ब्लाउजकडे बघत होते.

"बाई, जिनिंग तं बंद आहे. मंग तुमच्या अंगावर अजून रुई काऊन उडून राह्यली?"

बिचारे अगदी साधेपणानं विचारत होते. "गोदामातून येते, बाबाजी," असं मी म्हणाले, पण कान तापले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. संध्याकाळी घराकडची बस सोडली आणि तडक औषधाच्या दुकानात शिरले.

"शॅम्पू द्या."

"कोन्ता देऊ? कोंड्याचा, केस गळतीचा, का चमकीचा?" दुकानदारानं विचारलं.

मला तिन्हींची गरज आहे असं वाटलं. कोंड्याचा घेतला. पहिल्या दिवशी डोकं हलकं झालं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त खाजलं. नागपूरची नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, हे कोंड्याचे शॅम्पू लय कडक असतात, सौम्यवाला घे." सौम्यवाला आणला. आमच्या बोअरच्या जड पाण्यात त्याला फेसच येईना, म्हणून दुप्पट ओतला. मग ऑफिसातल्या बाईंनी जडीबुटीची पूड सांगितली. ती धुऊन निघेना, दोन दिवस कंगव्यातून हिरवट चुरा गळत होता. अर्ध्या अर्ध्या बाटल्यांनी न्हाणीतली फळी भरली. नवरा म्हणाला, "दुकान टाकतं का वं?"  त्या वेळी मला कुणाचंच बोलणं सहन होत नव्हतं. प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि डोकं मात्र माझं एकटीचं होतं.

सगळ्यात मोठा उपाय घरातच होता. माझ्या सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून एक दिवसाआड त्या मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल चोळतात. माझी आई लवकर गेली, म्हणून त्यांनी हे काम स्वतःकडे घेतलं. मला ते फार आवडायचं. कोंडा बघून त्या म्हणाल्या, "डोक्सं कोरडं पडलं तुह्यं. तेल वाढवा लागते." तेल वाढलं. तरी उतार पडेना, तेव्हा एका रविवारी त्यांनी तेलात अख्खं लिंबू पिळलं. खाजवून खाजवून माझ्या टाळूला जागोजागी ओरखडे पडलेले. लिंबू लागताच डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओरडून उठले, वाटी लवंडली.

"अवं, आग होते म्हंजे लागू पडून राह्यलं!" त्या म्हणाल्या.

मी न्हाणीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत रडले. आग थांबेना म्हणून रडले, आणि एवढी शिकलेली बाई असून साधं डोकं मला सांभाळता येत नाही म्हणूनही रडले.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून वर्ध्याला त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीण बाईंनी केसांचे भांग पाडून पाडून बॅटरीच्या उजेडात टाळू पाहिली.

"तेल कोण लावतं?"

"सासूबाई. एक दिवसाआड."

"ते आधी बंद. हा कोरडेपणा नाही. टाळूवर एक बुरशी असते, तेलकटपणात ती वाढते. तुम्ही तिलाच खाऊ घालताय."

मी सगळ्या बाटल्यांची नावं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "शॅम्पू लावत कुठे होता? टाळूला की केसांना?"

 मी लांब केस डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखी घासत होते आणि लगेच पाणी ओतत होते. त्यांनी औषधी शॅम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, बोटांच्या पेरांनी टाळूला लावायचा, नखं लावायची नाहीत, पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. इतकं साधं. एवढ्या बाटल्या विकणाऱ्यांपैकी, सुचवणाऱ्यांपैकी एकानंही मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही कुठल्याच बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली नव्हती. परतीच्या बसमध्ये मला सगळ्यांचा आणि स्वतःचा सारखाच राग येत होता.

घरी सासूबाई तेलाची वाटी घेऊन तयारच होत्या. "आई, डॉक्टरनं तेल बंद करायला सांगितलं," मी म्हणाले.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "मंग माह्याच हातानं झालं म्हना."

"तसं नाही आई..."

"नाई नाई. डागदर शिकेल असते." वाटीतलं तेल त्यांनी परत बाटलीत ओतलं आणि पुढचे चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. कोंड्यापेक्षा ते जड गेलं.

त्यातच ती छोटी औषधी बाटली आठवड्याभरात अर्धी झाली. मला कळेना. मग एका सकाळी नवरा ओल्या डोक्यानं बाहेर आला आणि तोच वास आला.

"तुम्ही माझा शॅम्पू वापरता?"

"मस्त फेस येते न त्याले! रोज लावून राह्यलो मी."

मी अशी ओरडले, की शेजारीण कुंपणाशी आली. औषध आहे ते, तुमच्या डोक्याला काय झालंय, या घरात माझी म्हणून एक वस्तू राहू नये का?  सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, न्हाणीतून बाटली उचलली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"बुधवारी न् रविवारी माह्याकडून घेजो," त्या मला म्हणाल्या. "किती टाइम ठेवा लागते म्हनला डागदर?"

"पाच मिनिटं."

त्या रविवारी मी डोक्याला फेस लावून बसले, तर दाराबाहेर त्या घड्याळ घेऊन उभ्या. डोळ्यात फेस गेला, मान अवघडली, मी बादलीतला तांब्या खणकन उचलला.

"ठेव तो खाली! दोनच मिनिटं झाले."

महिनाभरात खाज गेली, खपल्याही गेल्या. मी खुशीत डॉक्टरीण बाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "थंडीत परत येईल. आता आठवड्यातून एकदा, कायमचं." कायमचं! आणि आली ना खाज परत. या थंडीत कानामागे पुन्हा त्याच खपल्या निघतायत. आता दर रविवारी मी डोक्यावर फेस थापून पाटावर कुडकुडत बसते, मनातल्या मनात चरफडते, आणि बाहेरून आवाज येतो, "चार झाले. हालू नोको."