लेकराचं पाणी

सासूबाईंना मी आजही माफ केलेलं नाही, आणि हे लिहिताना करायचा विचारही नाही.

आठवा महिना सरत आला होता. देवासच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत म्हणाल्या, "पानी कम है. बच्चा पेशाब करता है, ज़्यादातर उसी से ये पानी बनता है. वही निगलता है, फिर पेशाब करता है. आप खूब पानी पीजिए, आठ दिन बाद फिर देखेंगे." मला घाम फुटला. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी मात्र पदर नाकाला लावला.

माझं सासर म्हणजे एकेकाळी दरबारात कारकुनी करणाऱ्यांचं घर. दरबार गेला, सोवळं तेवढं राहिलं. रिक्षात बसताच त्यांनी निकाल दिला, "म्हणजे पोर मुतात लोळतंय. अन् वर आणखी पाणी ढोसायचं? कमी झालंय ते बरंच झालंय." अर्धं ऐकायचं आणि त्यावर सगळं घर हाकायचं, ही त्यांची जुनी खोड. त्याच दिवशी माझ्या उशाचा तांब्या गेला आणि देवघरही मला बंद झालं. स्वयंपाकघरात पेला भरला की मागून आवाज यायचा, "पुन्हा?"

माहेरी, धारला, आईला फोन केला. "वाद नको गं, त्यांच्या कलानं घे," ती म्हणाली. नवरा तर आईपुढे नुसती गोगलगाय. "अगं, चार दिवस ऐक ना. आई का मूड मत खराब कर." माझ्या पोटातल्या पाण्यापेक्षा आईचा मूड महाग.

पाचव्या दिवशी हरतालिका आली. आमच्याकडे ती निर्जळी. "गरोदरपणातसुद्धा या घरात कुणी मोडली नाही," सासूबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून सकाळपासून मी थेंबही घेतला नाही. त्या अर्ध्या दिवसाचा राग मला स्वतःवरही आहे.

दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. पूजा देवघरात नाही, ओसरीवर मांडलेली, म्हणून मलाही बसवलं. वाळूच्या पिंडीवर पत्री वाहताना माझ्या लक्षात आलं, सकाळपासून पोटात काही हललंच नाही. सासूबाई कथा वाचत होत्या. या दिवशी जी पाणी पिते ती पुढच्या जन्मी जळू होते, इथवर त्या आल्या, आणि मी पूजेचा तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.

"होऊ दे जळू," मी म्हणाले.

"नवऱ्याच्या जिवावर उठलीस गं!" त्या किंचाळल्या.

नवरा दारात धडधाकट उभा होता. "हा जिवंत आहे," मी म्हणाले, "आतलं हलत नाहीये, त्याचं बोला." मग त्याच्याकडे वळून ओरडले, "रिक्षा आण!" लग्नानंतर पहिल्यांदाच तो आईकडे न बघता धावला.

दवाखान्यात सलाइन लागलं. तासाभरानं पोटात एक लाथ बसली आणि मी लाज सोडून रडले. दहा दिवस तिथेच ठेवून शेवटी ऑपरेशन केलं. मुलगी झाली. पण डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "पेशाब किया क्या?" पोटात पाणी कमी होतं, म्हणून त्यांना तिच्या किडनीची काळजी. दिवस गेला, लंगोट कोरडाच. सासूबाई माळ ओढत बसलेल्या. ज्याला नाक मुरडलं, त्याचीच आता देवाकडे भीक मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मुलगी त्यांच्या मांडीवर दिली, आणि ती मुतली. पातळ भिजलं तरी त्या उठल्या नाहीत. डोळे पुसत म्हणाल्या, "असू दे गं. लेकराचं मूत, गंगाजळच ते."

"हेच होतं पोटात," मी म्हणाले, "आणि हेच तुम्ही आटवत होतात."

मी नर्सला सांगून लेक माझ्याकडे मागून घेतली. सासूबाई ओल्या पातळानिशी तशाच बसून राहिल्या. मी पंखा लावायलाही सांगितलं नाही.